वीस फोटो, वीस-वीस सेकंद: सांगलीत चालेल का?

बेदाणावाली:
वाचनालयाच्या मासिक सभेत यापुढं 'पेचाकुचा' पद्धतीनं बोलावं, असं माझं मत. वीस स्लाइड, प्रत्येकीला वीस सेकंद, एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. स्लाइड आपोआप सरकते, वक्त्याच्या हातात काही नाही. ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुविशारदांनी २००३ साली टोकियोत हे सुरू केलं. बोलणारे लांबण लावतात, म्हणून हा लगाम. गेल्या सभेत पाहुण्यांची ओळखच अर्धा तास चालली आणि फोटो घेऊन आलेल्या मुलीला "दोन मिनिटांत आटपा" अशी चिठ्ठी गेली. फार वाईट वाटलं. मी घरी बेदाण्यावर करून पाहिलं. द्राक्षं बुडवण्यापासून शेडमध्ये जाळीवर सुकेपर्यंत. निम्मी वाक्यं कापली, तेव्हा कळलं की मला फक्त रंग कुठं बिघडतो तेवढंच सांगायचंय.

तासगावकर बागायतदार:
ताई, नाही पटत. द्राक्षं बुडवायच्या पाण्यातलं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलचं प्रमाण लिहून घेईस्तोवर तुमची स्लाइड गेली की! ढगाळ हवेत मणी काळा का पडतो, हे समोरच्यानं मध्येच विचारलं तर? शेतकरी विचारायलाच येतो.

बेदाणावाली:
प्रश्न शेवटी घेऊ, त्याला वेळ मोकळाच ठेवू. अवघड मुद्द्याला तीन स्लाइड द्या, कोण अडवतंय?

निवृत्त मास्तर:
मी ताईंच्या बाजूनं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात. नाट्यपंढरी म्हणवतो आणि भाषणाला तालीम न करता उभे राहतो! या पद्धतीत तालमीशिवाय निभावच लागत नाही.

कृष्णाकाठ:
मास्तर, तालीम सगळ्याची होत नाही. २०१९ च्या पुरावर आमच्या गल्लीतल्या एक काकू बोलल्या होत्या. गोठ्याच्या फोटोपाशी त्यांचा आवाज बसला. बराच वेळ कुणी हललं नाही. तिथं विसाव्या सेकंदाला फोटो बदलला असता तर?

बेदाणावाली:
तिथं नको. हे मी धरलंच नव्हतं. आठवणी सांगणाऱ्यांना घड्याळ नको. माहिती सांगायला येणाऱ्यांना, माझ्यासकट, लावा.

तासगावकर बागायतदार:
मग बेदाण्याला मी येतो. पण प्रमाणाचा कागद आधी छापून वाटा, आणि प्रश्नांना निदान अर्धा तास.