मदत हवी आहे: टीएलएस (एन्क्रिप्शन) लावल्यावर एफटीपी (फाइली पाठवण्याची पद्धत), बाहेर चालतं तर आत अडतं

सर्व्हर व्हीएसएफटीपीडी (एफटीपी सर्व्हरचा प्रोग्रॅम), 192.168.1.20 वर, राउटरच्या नॅटमागे (आतले पत्ते बाहेर राउटरच्या पब्लिक पत्त्याने दिसतात). स्टॅटिक पब्लिक आयपी आहे. पोर्ट 21 आणि 50000 ते 50050 फॉरवर्ड केलेत.

टीएलएसशिवाय सगळं ठीक होतं, कारण राउटरचा एफटीपी हेल्पर 227 च्या उत्तरातला पत्ता (डेटासाठी कुठे जोडायचं ते सर्व्हर त्यात सांगतो) बदलायचा. आता कंट्रोल चॅनेल (कमांड जाणारं कनेक्शन) एन्क्रिप्टेड, त्यामुळे हेल्पर आंधळा. बाहेरच्या क्लायंटला 192,168,1,20,195,80 (आतला पत्ता आणि पोर्ट 50000) असंच मिळायचं; लॉगिन व्हायचं, फाइलींची यादी लटकायची.

मग पासिव्ह अॅड्रेसमध्ये (227 मध्ये सांगायचा पत्ता ठरवणारं सेटिंग) पब्लिक आयपी टाकला. बाहेरचे सुटले, आतले अडकले. कर्लला (कमांड लाइनचा क्लायंट) त्रास नाही, तो आधी ईपीएसव्ही (पासिव्हची नवी कमांड) पाठवतो आणि 229 च्या उत्तरात फक्त पोर्ट असतो. पण ऑफिसचा स्कॅनर फीट (सर्व्हरला काय काय येतं ते विचारणारी कमांड) विचारतच नाही, थेट पासिव्ह (227 चं उत्तर आणणारी जुनी कमांड) मागतो. त्याचं फर्मवेअर शेवटचंच आहे, पुढचं अपडेट नाही, पोर्टही 21 सोडून घेत नाही.

हेअरपिन नॅट (आतूनच पब्लिक आयपीवर जाऊन राउटरमार्गे परत आत येणं) करून पाहिलं. डेटा कनेक्शन राउटरच्या 192.168.1.1 वरून येतं, कंट्रोल मात्र स्कॅनरच्या पत्त्यावरून, म्हणून 425, बॅड आयपी कनेक्टिंग ही एरर. पासिव्ह प्रॉमिस्क्युअस (ही पत्त्याची तपासणी बंद करणारं सेटिंग) चालू करायचं नाही. स्कॅनरला पब्लिक आयपी दिला तर चालेल, पण लॉगमध्ये सगळे राउटरच्याच नावावर, तेही नको.

टीएलएस काढा हा सल्ला कृपया नको.

व्हीएसएफटीपीडीच्या एकाच इन्स्टन्समध्ये (चालू प्रतीत) आतल्यांना वेगळा पासिव्ह पत्ता देता येतो का? की 192.168.1.21 वर पासिव्ह अॅड्रेस न लिहिता दुसरा इन्स्टन्स चालवावा, आणि तसं केल्यास दोघांची पोर्ट रेंज वेगळी ठेवावी लागेल का?