मूर्तीच्या फोटोंसकट ड्रॉपडाउन: सिलेक्टटू की साधा सिलेक्ट?

माशेलचो_कोडर:
मावसभावाची गोव्यात माशेलला गणपतीची चित्रशाळा (मूर्ती घडवायचा कारखाना) आहे. चवथीच्या ऑर्डरी फोनवर लिहून घ्यायचा त्याला कंटाळा आलाय, म्हणून फॉर्म करून देतोय. तालुका, गाव, उंची आणि मूर्तीचा प्रकार, असे चार ड्रॉपडाउन. प्रकारात नावाशेजारी फोटो हवा. आजवर असल्या कामाला जेक्वेरी आणि तिच्यावर चालणारी, ड्रॉपडाउन सजवणारी सिलेक्टटू, या तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी जोडायचो. यंदा एचटीएमएलच्या साध्या सिलेक्टला सीएसएसमधून ‘अपिअरन्स: बेस-सिलेक्ट’ (यादी हवी तशी सजवू देणारा नवा नियम) देऊन पाहिलं. लॅपटॉपच्या क्रोमवर झकास, भावाच्या जुन्या फोनवर मात्र नुसती नावं! परत सिलेक्टटू घालू?

टॅबकी:
घालू नकोस. क्रोममध्ये बेस-सिलेक्ट १३५व्या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२५पासून आहे. जुना ब्राउझर ऑप्शनमधले (यादीतल्या एकेका ओळीतले) टॅग गाळतो, मजकूर ठेवतो. ऑर्डर जाते ना? मग झालं. फक्त प्रकाराचं नाव फोटोवर छापून मोकळा होऊ नकोस, ते ऑप्शनच्या मजकुरातच हवं. बेस-सिलेक्ट सिलेक्टला आणि त्याच्या पिकरला (उघडणाऱ्या यादीला), दोन्हीकडे द्यायचं. निवडल्यावर बंद डब्यातही फोटो दिसायला हवा असेल तर सिलेक्टच्या आत सगळ्यात आधी बटण आणि त्यात ‘सिलेक्टेडकंटेंट’ हा टॅग, तो निवडलेली ओळ तिथे दाखवतो.

सिलेक्टऐवजी डिव्ह (नुसते चौकोनी डबे) जोडून केलेल्या ड्रॉपडाउनांचा मला मनस्वी राग आहे. बाणाची बटणं, एस्केप, अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरवर काय ऐकू येणार, सगळं हाताने लिहायचं, आणि निम्मे लोक ते लिहीतच नाहीत.

सासष्टीकर:
पण मूर्तीचे प्रकार किती? सात-आठच असतील तर ते झाकून कशाला ठेवता? फोटोवाली रेडिओ बटणं मांडा. गणपती निवडताना घरातली चार माणसं फोनवर वाकलेली असतात, त्यांना सगळे एकदम दिसू देत.

तालुके बारा. तिथे साधा सिलेक्ट, काही सजवू नका. बेस-सिलेक्ट दिलंत की मोबाइलची स्वतःची यादी उघडत नाही, आणि लोकांच्या हाताला तीच सवयीची.

खरी कटकट गावांची. यादी लांब, आणि बेस-सिलेक्टमध्ये शोधायची पेटी नाही. टाइप केलं तर नावाच्या सुरुवातीशी जुळेल तेवढंच. तिथे टॉमसिलेक्ट (शोधपेटीवाली ड्रॉपडाउन लायब्ररी) घ्या. तिच्या सर्चफील्डमध्ये (कशात शोधायचं त्या सेटिंगमध्ये) देवनागरी आणि रोमन दोन्ही नावं द्या. तुमचंच माशेल रोमनमध्ये मार्सेल होतं, म्हापशाचं तर विचारूच नका.

माशेलचो_कोडर:
प्रकार सातच आहेत. रेडिओ बटणं करतो, गावाला टॉमसिलेक्ट. भावाचा मात्र रेडिओला विरोध. म्हणतो, सगळे फोटो समोर ठेवलेस तर लोक मोरावरच्या गणपतीला सिंहासनावरचा मुकुट मागणार.

टॅबकी:
ते तसेही मागतात. शेऱ्यासाठी एक टेक्स्टएरिया (लिहायची मोठी पेटी) ठेव, आणि तिला लेबल द्यायला विसरू नकोस.