लहान डब्यात मधल्या किमतीचं ग्राफिक्स कार्ड: तुम्ही कसं ठरवलंत?

मंगळवारपेठ
मुलगी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. काल जेवणं आवरल्यावर तिनं माझ्यापुढं दोन ग्राफिक्स कार्डांची नावं ठेवली, एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी. "आई, यातलं कुठलं घेऊ?" पीसी तिला लहान डब्यातला हवाय, पुढं हॉस्टेलवर न्यायचा म्हणून. स्केचअप, ब्लेंडरमध्ये थ्रीडी मॉडेल करायचं आणि त्याचं चित्र काढायचं, म्हणजे रेंडरिंग, असं काम आहे.

मला एकदम २०१४ आठवलं. तेव्हा मी घरी लग्नाच्या अल्बमची डिझाइनं करायची. दोन खोल्यांचं घर, शिलाई मशिनच्या टेबलाखालच्या कप्प्यात मावेल एवढाच पीसी. बजेटात दोन कार्डं बसत होती, जीटीएक्स ७५० टीआय आणि आर७ २६०एक्स. २६०एक्स थोडं स्वस्त, आणि वेगात फार फरक नाही असं सगळे सांगायचे. पण ७५० टीआय ६० वॉट घ्यायचं, २६०एक्स ११५. माझ्या डब्यातल्या पॉवर सप्लायला कार्डाची सहा पिनची वायरच नव्हती. ७५० टीआयच्या साध्या मॉडेलला ती लागत नव्हती, स्लॉटमधून मिळणारे ७५ वॉट त्याला पुरायचे. कोल्हापुरात मिळेना, तेव्हा दादा कामासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला निघाला होता त्याला सांगितलं. लॅमिंग्टन रोडवरून घेऊन आला. कार्ड एवढंसं, वीतभर. ऐन मे महिन्यात, दार बंद करून काम करतानासुद्धा त्याचा आवाज आला नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. लहान डब्यात आधी जागा बघायची, मग वीज, मग उष्णता. एवढ्यातून जी कार्डं उरतील त्यांत आपल्या कामाला मेमरी कुणाची पुरते ते बघायचं. वेगाचे तक्ते सगळ्यात शेवटी. पण आताची कार्डं मी हाताळलेली नाहीत. ज्यांनी लहान डब्यात कार्ड बसवलंय त्यांनी आपापलं लिहा, सविस्तर लिहिलंत तरी मी सगळं वाचणार आहे.

पेठेतला_गोलकीपर
ताई डबा कुठला ते सांगा आधी

उद्यमनगर_सीएनसी
आमचं काम सॉलिडवर्क्सचं, म्हणजे यंत्राचे भाग थ्रीडीत काढायचं सॉफ्टवेअर. जॉब वर्क, फिक्श्चर, डाय. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात पार्टिशन मारलेली खोली, टेबलावर ड्रॉइंग पसरलं की संपलं. म्हणून डबा लहान. २०२२ ला मधल्या किमतीत दोन वाटा होत्या, गेमिंगचं कार्ड किंवा कामासाठीचं आरटीएक्स ए२०००. गेमिंगचं कार्ड त्याच पैशात जास्त पळतं हे खरं. पण सॉलिडवर्क्समधलं रिअलव्ह्यू, म्हणजे भाग खऱ्यासारखा दाखवायची सोय, फक्त त्यांनी मान्य केलेल्या कार्डांवर चालू होतं. ए२००० ७० वॉटचं, वेगळी वायर नाही, उंचीला अर्धं. आम्ही तेच घेतलं, आणि मोठी असेंब्ली फिरवताना आजही अडत नाही.

कार्डापेक्षा जास्त त्रास बिडाच्या धुळीनं दिलाय. फौंड्रीच्या आसपास ज्यांचं ऑफिस आहे त्यांनी पुढच्या जाळीकडं दर शनिवारी बघा. ती काळी धूळ लोखंडाची असते, पंख्यात बसते, बोर्डावर बसते. लहान डब्यात हवेला वाट आधीच कमी, त्यात जाळी बुजली की कार्ड तापतं आणि वेग आपोआप खाली येतो. लोक म्हणतात कार्ड खराब झालं. जाळी धुवा आधी.

रंकाळा_वहिनी
@मंगळवारपेठ अल्बम डिझाइन! माझ्या लग्नाचा अल्बम मंगळवार पेठेतच केला होता २०१३ ला. गुलाबाच्या पाकळ्या आणि मागं ताजमहाल. तुम्ही तर नव्हे?

मंगळवारपेठ
@रंकाळा_वहिनी ताजमहाल तेव्हा सगळ्यांनाच हवा असायचा हो. पण मी सुरू केलं २०१४ ला, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी केला असणार.
@गोलकीपर डबा अजून घेतलेला नाही. मिनी आयटीएक्स मदरबोर्ड, १७ बाय १७ सेंमी, तेवढं ठरलंय.

पेठेतला_गोलकीपर
मग ऐका ताई. माझा पण आयटीएक्स हाय. शाहू स्टेडियमवरच्या म्याचचे व्हिडिओ कापतो मी, तालमीच्या ग्रुपवर टाकायला, आन रात्री गेम. २०२२ च्या दिवाळीला घेतलं. त्या सप्टेंबरात इथेरियमचं, त्या क्रिप्टो नाण्याचं, कार्डांवरचं मायनिंग बंद झालं न्हवं का, १५ तारखेला, मग जुनी कार्डं ढिगानं विकायला आली. माझ्यापुढं आरएक्स ६६०० नवं आन आरटीएक्स ३०६० जुनं, दोन्ही जवळपास त्याच पैशात. ३०६० ला १२ जीबी मेमरी, मोह लई झाला. पण ते १७० वॉट, हे १३२. माझ्या डब्यात कार्डाचा पंखा आन बाजूची काच यात बोटभर पण जागा न्हाई. आन मायनिंगमधनं आलेल्या कार्डाचा पंखा किती फिरलाय कुणाला ठावं. ६६०० घेतलं, नवं, बिलासकट. नाद खुळा चालतंय अजून.

एक हाय, ६६०० आठ लेनचं कार्ड, म्हंजे स्लॉटातल्या सोळा वाटांपैकी आठच वापरतंय. बोर्ड जुना, पीसीआय ३ चा, म्हंजे स्लॉटाच्या जुन्या पिढीचा असंल तर मेमरी भरल्यावर जरा आडखळतं. तुमच्या लेकीचा बोर्ड नवा असणार, मग चिंता न्हाई.

गडहिंग्लज_व्हिडिओवाला
लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. सीझनला गाडीतूनच पीसी कार्यालयात नेतो, त्याच दिवशी रिसेप्शनला हायलाइट दाखवायचे असतात, म्हणून लहान डबा. २०२३ च्या शेवटी आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० यांत अडकलो होतो. दोन्ही ८ जीबी, दोन्हींच्या मेमरीची वाट १२८ बिट रुंद. ७६०० स्वस्त. पण ४०६० ११५ वॉट आणि ७६०० १६५. कार्यालयात जनरेटरवर चालवायचं, तेही स्टेजच्या मागं जिथं वाराच नाही. तिथं ते ५० वॉट मला मोठे वाटले. ४०६० घेतलं.

आता जे कुणी सांगत नाही ते लिहितो. मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यातलंही फुटेज हल्ली १० बिट ४:२:२ असतं, म्हणजे रंग जास्त बारकाईनं साठवलेलं. ते ४०६० च्या चिपमध्ये उलगडत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि टाइमलाइन अडखळते. माझं भागलं कारण प्रोसेसर इंटेलचा, आतल्या ग्राफिक्सवाला. ११ व्या पिढीपासून पुढचं इंटेलचं ग्राफिक्स एच २६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) मधलं ४:२:२ उलगडतं. म्हणून एडिटिंगवाल्यांनो, नावात एफ असलेला इंटेल घेऊ नका, त्यात ते ग्राफिक्स बंद असतं. एनव्हिडियाच्या ५० मालिकेत मात्र ४:२:२ ची सोय कार्डातच आली आहे.

आणि ८ जीबी कमी पडतात. फोरकेवर नॉइज रिडक्शन लावलं की रिझॉल्व्ह, म्हणजे एडिटिंगचं सॉफ्टवेअर, सांगतं जीपीयू मेमरी (कार्डाची मेमरी) फुल. मग ते तेवढं वेगळं रेंडर करून घ्यायचं. पुढचं कार्ड घेईन ते १६ चंच.

इचलकरंजी४१६११५
छोटा अनुभव. ऑफिसातून निघालेला जुना बारीक डबा स्वस्तात मिळाला, त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसतच नाही. जीटीएक्स १६५० की आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं एवढाच प्रश्न होता. ३०५० घेतलं, ७० वॉट, वायर नको. दुकानात सांगताना ६ जीबी स्पष्ट सांगा, कारण ८ जीबीचं ३०५० वेगळं कार्ड आहे, ते १३० वॉटचं आणि वायर लागणारं. कार्ड डब्याला अडकवायचा पत्रा अर्ध्या उंचीचा खोक्यात आहे का तेही बघा. माझ्या खोक्यात होता.

कसबा_बावडा
महालक्ष्मी म्हटलं की आम्हाला आठवतं दादरला पहाटे उतरायचं आणि दुकानं उघडेपर्यंत स्टेशनवर बसायचं. काय दिवस होते. मी पण २०१० च्या सुमाराला हार्ड डिस्क तिकडूनच आणायचो. बॉक्स मांडीवर धरून परतीचा प्रवास.

उद्यमनगर_सीएनसी
@कसबा_बावडा आणि मिरजेला जाग आली की वाटायचं पोचलोच आता.

जयंतीनाला
माझं म्हणणं कार्डाबद्दल कमी, लहान डब्याबद्दल जास्त. २०१९ च्या पुरात तळमजल्यावर होतो. टॉवर मोठा, वायरींचं जंजाळ, पाणी झपाट्यानं चढलं, माणसं आणि कागदपत्रं वर नेली आणि पीसी राहिला. त्यानंतर ठरवून लहान डबा केला, वर हँडलवाला. जुलै २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा आईचं औषधांचं खोकं एका हातात आणि पीसी दुसऱ्या हातात. सगळं वाचलं. त्यातलं कार्ड तेच आजही आहे. नदीकाठच्या लोकांनी हा विचार जरूर करावा.

रंकाळा_वहिनी
@जयंतीनाला वाचून अंगावर काटा आला. आमचे सासरे तेव्हा चिखलीत अडकले होते, बोटीतून काढलं. आई बऱ्या आहेत ना आता?

जयंतीनाला
हो वहिनी, ठणठणीत. गल्लीत फिरायला जातात रोज.

तिसऱ्या_वर्षाला
काकू मी आर्किटेक्चरलाच आहे, तिसरं वर्ष, म्हणून मोठं लिहितोय.

पहिल्या वर्षाला कार्ड जवळजवळ लागत नाही, सगळं हातानं ड्राफ्टिंग. दुसऱ्या वर्षापासून लागतं, आणि तेव्हा वेगाआधी मेमरी संपते. साइटवर झाडं टाकायला लागलो की कळतं. प्रत्येक झाडाची पानं, त्यांचे टेक्स्चर, गवत, माणसं, गाड्या. माझ्याकडं ८ जीबीचं ४०६० टीआय आहे. रात्रीच्या सबमिशनला सीन मेमरीत मावला नाही की रेंडर रखडतो, मग टेक्स्चर लहान करत बसायचं. माझ्या रूममेटकडं ७६०० एक्सटी, चिप माझ्यापेक्षा हळू, पण १६ जीबी. त्याचा सीन जड असला तरी सावकाश का होईना पूर्ण होतो. जूरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढं काम मांडायच्या, आदल्या रात्री मला त्याचा हेवा वाटतो.

दुसरी बाजू पण सांगतो. ब्लेंडरचा रेंडर करणारा भाग, सायकल्स, एनव्हिडियावर त्यांच्या ऑप्टिक्सनं चालतो, एएमडीवर त्यांच्या हिपनं. दोन्हीत बसणारा सीन असेल तर आमच्या खोलीत ऑप्टिक्सवालाच आधी संपवतो, स्पष्ट फरकानं. आणि कॉलेजातले सीनियर सगळे एनव्हिडियावाले, अडलं की मदत लगेच मिळते. ५०६० ला ८ च जीबी आहेत, १४५ वॉट. ९०६० एक्सटी ८ आणि १६ दोन्हीत येतं, ८ वालं १५० वॉट, १६ वालं १६०. म्हणजे विजेत फार फरक नाही, फरक मेमरीचा आणि सॉफ्टवेअरचा. ५०६० टीआय १६ जीबीत दोन्ही मिळतं पण १८० वॉट, आणि पैसे बरेच वाढतात.

आजरा_घनसाळ
इंटेलचं आर्क बी५८० कुणीच का म्हणत नाही? १२ जीबी, १९२ बिट, आणि बाजारात येतानाची किंमत ५०६० आणि ९०६० एक्सटीपेक्षा कमी. माझ्याकडं आहे. दोन गोष्टी बघून घ्या फक्त. बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसायची सोय) चालू पाहिजे, ते नसेल तर हे कार्ड घेऊच नका. आणि पीसी नुसता बसलेला असताना जास्त वीज घेतं, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एएसपीएम ही वीज वाचवायची सोय चालू केल्यावर माझं कमी झालं. १९० वॉटचं आहे, डबा हवेशीर पाहिजे. नव्या प्रोसेसरबरोबर छान, जुन्याबरोबर वेग पडतो.

पेठेतला_गोलकीपर
@आजरा_घनसाळ भावा तांदूळ कधी पाठवतोयस

आजरा_घनसाळ
सुगी होऊ दे की रे

राजारामपुरी_जोडणीवाला
पीसी जोडून देतो, लहान डबे बरेच केलेत. ताई, मुलीला घेऊन पट्टीनं हे बघा.

कार्डाची लांबी सगळे बघतात, जाडी विसरतात. दोन स्लॉटचं म्हणून विकतात आणि प्रत्यक्षात अडीच असतं. खोक्यावरचे मिलिमीटर वाचा. मग उंची. आठ पिनची वायर कार्डाच्या वरच्या कडेतून बाहेर येते आणि तिला वळायला दोन-तीन सेंमी लागतात. डब्याच्या पत्र्यानं दाबून बसवली की ती हळूहळू सैल होते, मग खेळताना पडदा काळा होतो आणि लोक ड्रायव्हर बदलत बसतात.

डब्यात कार्ड बोर्डाच्या पाठीमागं बसत असेल तर मध्ये दोघांना जोडणारी वायर, रायझर केबल, येते. ती पीसीआय ३ ची आणि कार्ड ४ किंवा ५ चं असलं की पीसी सुरूच होत नाही किंवा मध्येच अडकतो. बायोसमध्ये स्लॉट ३ वर ठेवला की चालतं. पण आठ लेनच्या ८ जीबी कार्डाला त्यात तोटा होतो. ५०६० आठ लेनचं आहे, ९०६० एक्सटी सोळा लेनचं. असा डबा घेणार असाल तर हा मुद्दा छोटा नाही.

दोन पंख्यांचं, साधं, कमी लांबीचं मॉडेल घ्या. तीन पंख्यांचं मोठं मॉडेल वेगात किंचितच पुढं असतं. पॉवर लिमिट, म्हणजे कार्ड जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा, थोडं खाली आणलं तर वेग फारसा जात नाही आणि तापमान चांगलं उतरतं. मी लहान डब्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला ते करून देतो.

बारावीची_आई
आमच्या चिरंजीवांना पण हेच हवंय, सीईटी झाल्याशिवाय एक रुपया नाही म्हणून सांगितलंय. तोवर हा धागा जपून ठेवते. पॉवर सप्लाय किती वॉटचा घ्यायचा ते पण कुणीतरी लिहा.

राजारामपुरी_जोडणीवाला
@बारावीची_आई या कार्डांना चांगल्या प्रतीचा ५५० ते ६५० पुरतो. बहुतेक लहान डब्यांत एसएफएक्स या छोट्या आकाराचा लागतो, नेहमीचा एटीएक्स बसत नाही. तिथं पैसे वाचवू नका, आपल्याकडं पावसाळ्यात लाइट कशी ये-जा करते माहीत आहे. यूपीएस पण हवा.

मंगळवारपेठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला बसवून वाचून दाखवलं. @तिसऱ्या_वर्षाला तुझा झाडांचा मुद्दा तिला फार पटला. तिनं लगेच सीनियरची एक फाइल मागवून मेमरी किती जाते ते बघितलं, ८ च्या पुढं गेली. म्हणजे आमच्यासाठी ८ जीबीची दोन्ही बाद. उरलं ९०६० एक्सटी १६ आणि ५०६० टीआय १६. टीआयचे जादा पैसे आम्ही रॅमला आणि यूपीएसला घालणार, म्हणून ९०६० एक्सटी, दोन पंख्यांचं. ब्लेंडरमध्ये थोडी सावकाशी तिला चालणार आहे, मी दोनदा विचारलं. डबा रायझर नसलेला, कार्ड थेट बोर्डात.

@राजारामपुरी_जोडणीवाला पॉवर लिमिटचं काम एएमडीवर कुठून करायचं?

राजारामपुरी_जोडणीवाला
एएमडीच्या अ‍ॅड्रेनालिन सॉफ्टवेअरमध्येच आहे ताई, परफॉर्मन्समध्ये ट्युनिंग. बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोकं तीन वर्षं टाकू नका.

रंकाळा_वहिनी
खोकी ठेवायला माळ्यावर जागा आहे का बघा आधी 😀 आमच्याकडं टीव्हीचं अजून आहे.

पेठेतला_गोलकीपर
ताई, बसवून झालं की लेकीला म्हणावं आमच्या तालमीचं नवं गेट थ्रीडीत करून दे. फोटो आन मापं पाठवतो.

मंगळवारपेठ
@गोलकीपर पाठव, तिला सुट्टीत कामच हवंय. मापं फुटात दे, तिला मिलिमीटरमध्ये करता येतात.