अर्धा दिवस कापणं नियमात बसतं का?

'कामावर उशिरा येणाऱ्यांचे तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापा, आपोआप सरळ होतील', असं म्हणणाऱ्यांचा वैताग पटतो. पण कापणी मनाला येईल तशी करता येत नाही. 1936 च्या वेतन अदायगी कायद्याचं कलम 9 सांगायचं की गैरहजेरीपोटी कापायची रक्कम जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता त्याच प्रमाणात हवी. 2019 च्या वेतन संहितेतही तेच आलंय. म्हणजे तीनदा दहा-दहा मिनिटं उशीर झाला तर कापायचा तो अर्ध्या तासाचा पगार, चार तासांचा नव्हे. सरकारी बाबूंचं वेगळं. केंद्राच्या नियमात उशिराला अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा जाते, आणि सबळ कारण असेल तर महिन्यातून दोनदा तासाभरापर्यंत माफीही मिळते.

गोव्यात कुंडईला मी होतो त्या कारखान्यात गेटवरचा वॉचमन नऊ पाचनंतर नावापुढे लाल पेनाने फुली मारायचा. त्यात दिवाडी बेटावरून येणारी पोरं हमखास सापडायची, कारण फेरीबोट भरली की पुढची येईस्तोवर धक्क्यावर उभं राहण्यावाचून इलाज नसतो. शेवटी सुपरवायझरनेच त्यांची पाळी साडेनऊ ते सहा करून घेतली, तेव्हा कुठे फुल्या थांबल्या. खरे कामचुकार मात्र नऊला पाच कमी असताना अंगठा लावून थेट कॅन्टीनमध्ये. त्यांच्या नावापुढे कधी फुली नाही! त्यांचा हिशोब कुठल्या मशीनवर करणार?