आठ पाहुणे, प्रत्येकाचं खाणं वेगळं, काय करू?

भातुकली: शनिवारी आठ जण जेवायला येताहेत आणि मला आत्तापासून घाम फुटलाय. एक मैत्रीण व्हीगन, म्हणजे दूध-अंडं धरून जनावरांपासूनचं काहीच नाही, एकीला सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन बाधतं, एकाला दूध चालत नाही, बाकीचे नॉनव्हेज नसेल तर तोंडं वाकडी करणारे. गेल्या वेळी सगळं नीट पार पडलं आणि शेवटी मी जेली वाढली, तर व्हीगनवाली हळूच म्हणते, अगं यात जिलेटिन असतं, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात ते. हसतच वाटी बाजूला सरकवली तिने, पण मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आता काय चार स्वयंपाक करू?

उलथनं: अज्जिबात नको! मी केलेत एकदा, पाहुणे जेवून निघाले तरी मी ओट्यापाशीच. भात, डाळ, भाज्या सगळं तेलात कर, ते सगळ्यांना चालतं. चीज, अंडं, चिकन वेगळ्या भांड्यांत, ज्याला हवं तो घेईल.

वाटीभर: दूधवाल्याला आधी फोन लाव. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नसेल तर बऱ्याच जणांना थोडं दही चालून जातं, पण ॲलर्जी असेल तर ती दुधातल्या प्रोटीनची, मग लॅक्टोज-फ्री दूधसुद्धा नाही चालत. लोक दोन्हीला 'दूध चालत नाही' एवढंच म्हणतात.

गव्हाशीकट्टी: मला स्वतःला सीलिॲक आहे म्हणून सांगते, गहू, बार्ली, राय (गव्हासारखंच एक धान्य) तिन्ही बंद, आणि सोया सॉसमध्येही बहुतेक वेळा गहू असतो तो बघ. ग्लुटेन-फ्री लेबलसाठी किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं, म्हणजे पावाचा चुराही नको. पदार्थ बरोबर असतो गं, घोळ होतो तो डावाने, एकच डाव सगळीकडे फिरतो, नाहीतर तळणीचं तेल तेच. तिला सगळ्यात आधी वाढ. आणि पाकिटं फेकू नकोस, मी एका घरी कचऱ्यातून पाकीट काढून वाचलंय, यजमानीणबाई बघतच राहिल्या.

उलथनं: जेली अगर-अगरची कर, समुद्री शेवाळाचं असतं. कमी घाल मात्र.

भातुकली: फोन केला, लॅक्टोजच निघालं, हुश्श. डाव चार काढून ठेवलेत. अगरची जेली आज ट्रायल म्हणून केली, चमचा आपटला तर आवाज येतोय, उद्या परत करते.