मदत हवी आहे: टायट्रेशनचं रीडिंग काही केल्या जुळत नाही (बारावी प्रॅक्टिकल)

लिंबूटिंबू
बारावी सायन्स. बोर्डाचं प्रॅक्टिकल तोंडावर आलंय आणि टायट्रेशनचं रीडिंग (खालच्या द्रावणाला वरचं किती मिली लागतं ते) दर वेळी वेगळं. ९.३ मिली, मग १०.८, मग ९.७. शेजारच्याचं लागोपाठ १०.० येतंय. त्यात माझ्या फ्लास्कमध्ये गुलाबीच्या ऐवजी चहासारखं तपकिरी काहीतरी होतं. सर म्हणतात हात बसेल हळूहळू. कधी बसणार, परीक्षा झाल्यावर? उद्या परत लॅब आहे, लवकर सांगा.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येतीलच.

खडूस बाई
कशाचं कशाशी टायट्रेशन? अ‍ॅसिड-बेस की रेडॉक्स? एवढं तरी लिही रे.

लिंबूटिंबू
पोटॅशियम परमँगनेटचं, ते जांभळं. अजून कुठलं असणार?

खडूस बाई
परमँगनेट ब्युरेटमध्ये, म्हणजे वरच्या तोटीच्या नळीत, ते समजलं. खाली फ्लास्कमध्ये काय आहे? ऑक्झॅलिक अ‍ॅसिड की मोहर सॉल्ट (लोहाचं मीठ)? दोन्हींची कृती वेगळी असते.

सातारी झटका
ब्युरेट नीट विसळली नसणार, लिहून घे. आधी पाण्याने आणि मग जे भरायचं त्याच द्रावणाने. पिपेटचंही (फ्लास्कमध्ये दहा मिली मोजून घालायची नळी) तेच. कॉनिकल फ्लास्क मात्र नुसत्या पाण्याने. तो ऑक्झॅलिकने विसळलास की आत दहा मिलीपेक्षा जास्त माल राहतो आणि रीडिंग चढतं. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकलाय का तेही बघ. दहातल्या नऊ पोरांचं हेच असतं.

लिंबूटिंबू
विसळतो सगळं. बुडबुडा पण काढतो. ऑक्झॅलिकच आहे.

निवृत्त मास्तर
मग गरम करतोस का ते सांग.

लिंबूटिंबू
करतो ना काका. ते सगळ्यांनाच माहीत असतं म्हणून लिहिलं नाही.

निवृत्त मास्तर
सगळ्यांना माहीत असतं तेच नेमकं बिघडतं. किती गरम? कुठे? आणि अ‍ॅसिड कुठलं, किती?

लिंबूटिंबू
थर्मामीटर कोण देतंय. कधी उकळी फुटते, कधी नुसती वाफ येते. बर्नर सहा जणांत एक आहे, तो खिडकीपाशी. तिथे गरम करायचं आणि आपल्या टेबलावर यायचं. माझं टेबल दाराजवळ. अ‍ॅसिड टेस्ट ट्यूबने घालतो, सल्फ्युरिक, डायल्यूट.

मिरजेचा तंबोरा
अ‍ॅसिडचं एवढं मनावर घेऊ नकोस. अ‍ॅसिडिक झालं म्हणजे झालं. आम्ही हायड्रोक्लोरिकने करायचो, काही बिघडलं नाही.

खडूस बाई
बिघडलं असणार, तुम्हाला कळलं नसेल. परमँगनेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइज करतं, क्लोरिन सुटतो आणि त्यात परमँगनेट फुकट जातं. रीडिंग वाढतं. नायट्रिकचं उलटं, ते स्वतःच ऑक्सिडायझर. म्हणून डायल्यूट सल्फ्युरिक. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, लिंबू, तेवढं लक्षात ठेव.

मिरजेचा तंबोरा
बरं बाई. आमचे मार्क मात्र पूर्ण होते.

निवृत्त मास्तर
लिंबू, तुझी गोम बर्नर ते टेबल या वाटेत आहे. द्रावण ६० ते ७० अंशांवर हवं. या दोघांची क्रिया थंडीत फार हळू चालते. पहिल्या काही थेंबांना तर रंग जायला वेळ लागतोच. एकदा मँगनीज आयन तयार झाले की तेच क्रियेला वेग देतात. तू थंड झालेल्या फ्लास्कमध्ये भराभर सोडलंस, किंवा अ‍ॅसिड कमी पडलं, की परमँगनेट पूर्ण उतरत नाही, मँगनीज डायऑक्साइडवर अडकतं. तुझा तपकिरी रंग तोच. पूर्ण क्रियेत एका परमँगनेटमागे पाच इलेक्ट्रॉन, तिथे अडकलं तर तीनच. म्हणजे तेवढ्याच ऑक्झॅलिकला जास्त परमँगनेट लागणार. हे तुझं १०.८.
आणि उकळवलंस तर ऑक्झॅलिक स्वतःच विघटित होतं. त्याचा काही भाग टायट्रेशनच्या आधीच संपलेला, मग रीडिंग खाली. ९.३ वाला फ्लास्क उकळलेला होता का, आठवून बघ.

लिंबूटिंबू
हो!! ९.३ ला जरा जास्तच उकळलं होतं. पण शेजारच्याचं १०.० कसं?

खडूस बाई
ऑक्झॅलिक ०.०५ मोलरचं (मोलर म्हणजे द्रावण किती तीव्र त्याचं माप), दहा मिली, आणि परमँगनेट ०.०२ मोलर धरलं तर गणिताने बरोबर १०.० येतं. जर्नलमध्ये हेच उदाहरण असतं. तुझ्या शेजाऱ्याने ब्युरेट बघितली की जर्नल, कोण जाणे.

सातारी झटका
मग यानेही १०.० लिहावं की. पहिलं पायलट (अंदाजाचं) रीडिंग ११ च्या आसपास, पुढची दोन सारखी, झालं सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. चार मार्कांसाठी पोराने जीव काढायचा का?

खडूस बाई
असले सल्ले देऊ नका. मी वीस पोरांच्या बॅचला द्रावण बनवून देते तेव्हा मुद्दाम ०.०२ ठेवत नाही. आधी स्वतः रीडिंग काढून कागदावर लिहिलेलं असतं. दहाला दहा लिहून आणणारे लगेच सापडतात.

सातारी झटका
सगळ्याच बाई तुमच्यासारख्या नसतात हो. बऱ्याच ठिकाणी बाटलीवर चिकटवलेला आकडाच उत्तर असतो.

कोकणमेवा
अवांतर: याच ऑक्झॅलिकमुळे अळू खाजतं ना?

खडूस बाई
त्याचं कॅल्शियमचं मीठ. अळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात.

कोकणमेवा
म्हणून चिंच. आमच्याकडे फतफत्यात आमसूलच घालतात.

पेठकर
अळूला चिंचगूळच. आमसूल सोलकढीत घाला.

लिंबूटिंबू
अळू नंतर करा ना प्लीज. टेबल लांब आहे, त्याचं काय करू ते सांगा.

निवृत्त मास्तर
ब्युरेट आधीच भरून, शून्यावर आणून ठेव. बर्नरवर वाफ दिसायला लागली, बुडबुडे यायच्या आत, की उचल. कागदाची लांब घडी करून फ्लास्कच्या मानेला गुंडाळ आणि तिने धर. टेबलावर आल्यावर पहिला एक मिली थेंबाथेंबाने, प्रत्येक थेंब विरल्याशिवाय पुढचा नाही. मग वेग वाढव, शेवटी परत थेंब. मधेच तपकिरी दिसलं तर सोडणं थांबव, थोडं डायल्यूट सल्फ्युरिक घालून पुन्हा गरम कर. विरलं तर पुढे जा. नाही विरलं तर तो फ्लास्क सिंकमध्ये. अ‍ॅसिड एक टेस्ट ट्यूब पूर्ण भरून घाल, थोडं जास्त झालं तरी चालतं, कमी नको. फिकट गुलाबी अर्धा मिनिट टिकला की एंड पॉइंट. नंतर तो फिका पडला तर त्याच्या मागे लागू नकोस.

खडूस बाई
यात दोन गोष्टी घालते. परमँगनेट गडद असतं, खालचा मेनिस्कस (द्रावणाच्या पृष्ठभागाचा बाक) दिसत नाही, वरची कड वाच आणि शेवटपर्यंत वरचीच वाच. आणि फ्लास्कच्या काचेला आधीच्या बॅचचे तपकिरी डाग असतील तर तो घेऊ नकोस. ते डाग तुझं ऑक्झॅलिक खातात.

मिरजेचा तंबोरा
सॉल्ट अ‍ॅनालिसिसचंही (दिलेलं मीठ कुठलं ते ओळखायचं प्रॅक्टिकल) सांगून ठेवतो. अमोनियमची शंका आली की कॉस्टिक सोडा घालून गरम कर आणि ओला हळदीचा कागद धर, लालसर होतो. मी यावर पैकीच्या पैकी घेतले होते.

लिंबूटिंबू
सॉल्टचं विचारलंच नाही मी काका.

सातारी झटका
आम्ही पिपेट तोंडाने ओढायचो. आता म्हणे रबरी फुगा लागतो.

निवृत्त मास्तर
ऑक्झॅलिक पोटात गेलं तर मूत्रपिंडाला धोका असतो. फुगा घ्या म्हटलं तर हसू नका.

सातारी झटका
आमची अख्खी बॅच अजून जिवंत आहे.

निवृत्त मास्तर
म्हणून पुढच्या बॅचने तोंडानेच ओढायचं का?

लिंबूटिंबू
झालं. वाफ दिसल्यावर उचललं, मित्राला दाराशी उभं केलं वाट मोकळी ठेवायला. ९.९, ९.८, ९.८. तपकिरी अजिबात नाही. सी.बी.आर. ९.८ लिहू ना? की १०.० च्या जवळचं ९.९?

खडूस बाई
९.८. जे दोनदा आलं ते.

हताश बारावी
इथेच विचारते, माझ्या सॉल्टमध्ये धातू ओळखायच्या तिसऱ्या ग्रुपच्या टेस्टला पांढरा जिलेटिनसारखा साका येतोय पण नीट दिसत नाही, अ‍ॅल्युमिनियम समजू का?

रिकामटेकडा
ताई, नवा धागा काढा. आणि आधी सांगा, अमोनियम क्लोराइड घातलं होतं का?