परके म्हणजे शत्रूच? सातवाहनांकडे बघा

कोणीतरी लिहिलंय की रोमसारख्या जुन्या साम्राज्यांना परका माणूस म्हणजे फक्त शत्रू. रोमचं माहीत नाही बुवा, पण आपल्याकडे, दख्खनवर राज्य केलेल्या सातवाहन घराण्याच्या काळात, प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. नाशिकच्या ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक कोरून घेतलंय, शक, यवन (ग्रीक), पल्हव (पार्थियन) अशा परक्यांचा नाश करणारा, क्षहरातांचा (हे शक राजघराणं) वंश संपवणारा वगैरे. आता कार्ल्याला जा, तिथल्या चैत्यगृहातले खांब चक्क धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दान दिलेत आणि नावं एकदम देशी, सिंहधय, धम्म अशी! आणि ज्या क्षहरात राजा नहपानाला गौतमीपुत्राने हरवलं त्याचा जावई उषवदात, स्वतः शक, ३ लाख गाई दान दिल्या म्हणून नाशिकलाच लिहून गेलाय.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा नाण्यांचा साठा सापडला त्यात १३ हजारांवर नाणी होती, बरीचशी नहपानाची चांदीची नाणीच गौतमीपुत्राने वितळवत न बसता त्यावर आपला ठसा मारून परत चालवली, काहींवर खालचा नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. पुढे तर सोयरीकच झाली, कान्हेरीच्या लेखात सातवाहन राणी महाक्षत्रपाची (म्हणजे शक राजाची) मुलगी आहे! जुनागढच्या लेखात शक महाक्षत्रप रुद्रदामन म्हणतो सातकर्णी नावाच्या सातवाहन राजाला दोनदा हरवलं पण जवळचं नातं म्हणून सोडला. प्रशस्तीत (कोरलेल्या स्तुतीत) एक आणि घरात दुसरंच.